आठ लाख पंच्याहत्तर हजारांचं घर

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात आस्ता एका बाईच्या केसांना रोलर लावता लावता खाली कोसळली. बोलणं अर्ध्यावर राहिलं. घराच्या बाजूच्या खोलीला वेगळं दार होतं, आत एक बेसिन आणि एक आरसा. त्या खोलीत तिनं चाळीस वर्षं वेस्टरबीतल्या बायकांचे केस कापले होते, आणि एवढ्या वर्षांत तिला कोणी गप्प बसलेलं पाहिलं नव्हतं. तिचा नवरा तोर्किल म्हणायचा, "केस ही फुकटच कापते. पैसे घेते ते बोलण्याचे."

इस्पितळातून ती जिवंत बाहेर आली, पण उजवा हात गेला आणि वाचा गेली. समजायचं तिला सगळं. बोलायला तोंड उघडलं की मात्र एकच शब्द बाहेर पडायचा, "नाही." कॉफी हवी का? "नाही," म्हणायची आणि डावा हात कपाकडे न्यायची. मग स्वतःवरच चिडून रडायची.

वेस्टरबी ज्या लोलँड बेटावर होतं तिथं वाचा शिकवणारी बाई आठवड्यातून एकदाच यायची. त्यांची मुलगी माइकेन दूर युटलँडमध्ये, व्हिबोर्गला राहायची. तिच्या घराजवळच्या एका शुश्रूषागृहात रोज शिकवणी होती. तिनं खटपट करून आईसाठी तिथं जागा मिळवली. एप्रिलच्या सुरुवातीला आस्ता तिकडे गेली. पहिल्या दिवशी तिथल्या अग्नेते नावाच्या शिक्षिकेनं तोर्किलला बाजूला घेऊन सांगितलं, "पहिलं वर्ष फार मोलाचं असतं. मी रोज अर्धा तास देईन. पण उरलेला दिवस कोणीतरी घरचं माणूस समोर बसून बोलत राहिलं पाहिजे. जितकं जास्त, तितकं बरं."

"मी बसतो ना," तोर्किल म्हणाला. "घर विकलं की दुसऱ्या दिवशी इथं."

तोर्किल तेव्हा एकाहत्तर वर्षांचा होता. उंच, किंचित पोक आलेला, दोन्ही हातांवर ठिणग्यांचे पांढरे डाग. जवळच्या नाक्सकोव शहरातल्या जहाजांच्या कारखान्यात तो वेल्डर होता. कारखाना बंद पडल्यावर दर शरदात साखर कारखान्यात बीट गाळायच्या हंगामाला जायचा आणि उरलेलं वर्ष मिळेल ते काम करायचा. माइकेनचं घर दोन खोल्यांचं, त्यात तिची दोन मुलं. तिथं पाहुणा म्हणून एखादी रात्र निघायची, मुक्काम नाही. व्हिबोर्गला भाड्यानं खोली घ्यायची तर अनामत हवी, आणि आस्ताच्या तिथल्या राहण्याचं भाडंही होतंच. हातात असलेलं सगळं त्या पिवळ्या विटांच्या घरात होतं, आणि त्यावर बँकेचं जुनं कर्ज होतं. तेव्हा घर विकणं आलंच.

पहिल्यांदा बोडिल आली. नाक्सकोवमध्ये तीस वर्षं घरं विकणारी, जाड बुटांची, धिप्पाड बाई. तिनं छपराकडे पाहिलं, तळघरात नाक खुपसून वास घेतला, तोर्किलनं स्वतःच्या हातांनी बांधलेल्या काचेच्या खोलीत एक चक्कर मारली आणि स्वयंपाकघरात येऊन बसली.

"साडेचार लाख क्रोनर," ती म्हणाली. "तेही नशीब जोरावर असलं तर."

"साडेचार? अगं, ती काचेची खोली एकटीच..."

"तोर्किल, ती खोली तुला प्यारी आहे. घेणारा तिच्यात झाडाच्या कुंड्या ठेवील. आणि आता इथल्या घरावर बँक कर्ज देत नाही, हे तुलाही ठाऊक आहे. ज्याच्याकडे रोख आहेत तोच घेईल, आणि रोखवाला घासाघीस करतो."

तोर्किलनं तिला कॉफी पाजली, पण दुसरा कप विचारला नाही.

तीन दिवसांनी टोबियास आला. देशभर कचेऱ्या असलेल्या एका मोठ्या दलाल कंपनीतला, तिशीतला, पांढऱ्या गाडीतून. दाराशी बूट काढताना तो आपणहून म्हणाला, "वा, काय उजेड आहे या घरात!" त्यानं भिंतींना हात लावून पाहिलं. काचेच्या खोलीत तर तो चक्क पाच मिनिटं उभा राहिला. "हे तुम्ही स्वतः केलंत? एकट्यानं?"

"एका उन्हाळ्यात," तोर्किल म्हणाला. कित्येक दिवसांत कुणी त्याला असं विचारलं नव्हतं.

"मग मी तुम्हाला हे मातीमोल भावात विकू देणार नाही. आठ लाख पंच्याहत्तर हजार. आणि घर विकलं गेलं नाही तर आमची दलाली शून्य."

विकलं गेलं तर दलाली बासष्ट हजार, ठरलेली. करार सहा महिन्यांचा. मध्येच मोडला तर फोटोंचा आणि जाहिरातींचा खर्च भरायचा. टोबियासनं हे सगळं सांगितलं, लपवलं काहीच नाही. आठ पंच्याहत्तरपुढे बासष्ट म्हणजे किरकोळ वाटले. तोर्किलनं सही केली. टोबियास गेल्यावर त्यानं माइकेनला फोन करून आकडा सांगितला.

"बाबा, नक्की ना?"

"तज्ज्ञ माणूस आहे तो. आकडा माझा नाही, त्याचा आहे."

शेजारच्या प्रेबेनला मात्र जाहिरात पाहून हसू आवरेना. तो कुंपणावर कोपरं टेकून म्हणाला, "आठ पंच्याहत्तर? घराबरोबर समुद्रपण देतोयस की काय?"

"तुझं विकायला काढशील तेव्हा सांग," तोर्किल म्हणाला.

"माझं? मी तर कुणी उचलून नेलं तर त्याला वर दारू पाजीन."

टोबियासनं त्याला आणखी एक सल्ला दिला. घर रिकामं ठेवायचं नाही. रिकामं घर थंड पडतं, त्याला ओलीचा वास लागतो, आणि बघायला आलेल्याला वाटतं की इथून कोणीतरी पळून गेलंय. तुम्ही इथंच राहा, घर ऊबदार ठेवा, कॉफीचा वास असू द्या. म्हणून तोर्किल राहिला. दर दुसऱ्या रविवारी पहाटे उठून तोर्सच्या धक्क्यावरून फेरीबोटीनं समोरच्या लांगलँड बेटावर उतरायचा आणि तिथून गाडी हाकत व्हिबोर्गला. दुपारचे तीन तास आस्ताजवळ बसायचा, रात्र माइकेनच्या सोफ्यावर काढायचा आणि सोमवारी परत. तेराव्या दिवशी पुन्हा गाडीत पेट्रोल भरायचा.

मे महिन्यात रोस्किल्डचं एक जोडपं घर बघून गेलं. बाई गरोदर होती. ती काचेच्या खोलीत वेताच्या खुर्चीवर बसली आणि उठायलाच तयार होईना. दोन दिवसांनी टोबियासचा फोन आला. "पाच लाख वीस देतायत."

तोर्किल स्वयंपाकघरात उभा होता. पाच वीस म्हणजे बोडिलच्या आकड्यापेक्षा सत्तर हजार जास्त. पण आता त्याच्या डोक्यात आठ पंच्याहत्तर बसलं होतं, आणि त्यातून साडेतीन लाख कुणीतरी खिशातून काढून घेतंय असंच त्याला वाटलं.

"तुम्हाला काय वाटतं?" त्यानं विचारलं.

"घर तुमचं आहे. पण पहिल्याच महिन्यात हे एवढे देतायत, म्हणजे पुढे आणखी येतील. मी असतो तर थांबलो असतो."

"मग नाही म्हणा."

त्या जोडप्यानं पंधरा दिवसांत मारिबोजवळ दुसरं घर घेतलं. टोबियासनंच ते बोलण्याच्या ओघात सांगितलं.

मग उन्हाळा आला आणि फोन थांबले. मधल्या रविवारी घर बघणाऱ्यांसाठी खुलं ठेवायचे तेव्हा टोबियास फाटकाशी झेंडे लावायचा. बेकरीतून वेलचीचे पाव आणून ओव्हनमध्ये गरम करायचा. येणारे कोण, तर गावातलेच. इतकी वर्षं आस्ताकडे केस कापून घेणाऱ्या बायका आता पहिल्यांदा तिच्या झोपायच्या खोलीत डोकावून जायच्या आणि पाव खाऊन निघायच्या. तोर्किल बागेत उभा राहायचा. आत जायची त्याला लाज वाटायची.

तिकडे आस्ता बोलायला लागली होती. जूनमध्ये माइकेननं फोनवर सांगितलं, "बाबा, आई आज 'खिडकी' म्हणाली!" मग "पाणी" आलं, मग "बस", मग "माइकेन". एका रविवारी तोर्किल समोर बसला असताना ती त्याच्याकडे पाहून ओठ जुळवायला लागली. त्याला वाटलं आता येणार आपलं नाव. अग्नेते पाठीमागे उभी होती, ती पुटपुटली, "थांबा, घाई करू नका." पण आस्ताचं तोंड भलतीकडेच वळलं, शब्द निसटला आणि ती "नाही, नाही, नाही" म्हणत बसली.

"तिला तुमच्याबरोबर रोज सराव हवा," अग्नेते निघताना म्हणाली. "पंधरा दिवसांत जमलेलं सगळं पुसून जातं. मी दोष देत नाही. सांगतेय फक्त."

सप्टेंबरात किंमत सहा पंच्याण्णववर आली. ऑक्टोबरात करार संपला. तोर्किलनं नाक्सकोवला जाऊन बोडिलला विचारलं, आता तू घेशील का? ती म्हणाली, घेईन, पण साडेतीनच्या वर लिहिणार नाही. सहा महिने जाहिरातीत लटकलेलं घर लोकांना माहीत असतं. त्यात काहीतरी खोट असणार असंच ते समजतात. तोर्किलच्या मनात आलं होतं हो म्हणायचं. पण साडेतीन हा आकडा ऐकून त्याला जहाजाच्या कारखान्यातला शेवटचा दिवस आठवला. सगळ्यांना रांगेत उभं करून हातात कामावरून काढल्याचे लिफाफे दिले होते तो दिवस. तो उठून बाहेर आला आणि दुसऱ्या दिवशी टोबियासकडेच आणखी सहा महिन्यांची सही केली. का केली, हे त्याला पुढे कितीदा विचारलं तरी सांगता आलं नाही. एवढंच म्हणायचा, "वाटलं, इतकं थांबलो तर आता..."

नोव्हेंबरात किंमत चार पंच्याण्णव झाली. बीटांचे ट्रॅक्टर रस्त्यावर चिखल सांडत जायचे. घर बघायला कोणी येत नव्हतं. तोर्किल कॉफी करायचा आणि ओतून द्यायचा. जेवण म्हणजे काळ्या पावावर काहीतरी, उभ्याउभ्या. तो वाळला. प्रेबेनची बायको अधूनमधून झाकण लावलेलं भांडं दारात ठेवून जायची, आणि प्रेबेन आता चेष्टा करत नव्हता.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात माइकेनचा फोन आला. ती रडत होती. "बाबा, अग्नेते म्हणाली, आईची प्रगती थांबल्यासारखी वाटतेय. तू ये. घर राहू दे, जळू दे. तू ये ना."

"कुठं राहू गं? तुझ्या सोफ्यावर? किती दिवस? तुझ्या पोरांनी अभ्यास कुठं करायचा?"

"मला नाही माहीत!"

"मलाही नाही माहीत," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

त्या दिवशी त्यानं प्लायवूडचा एक तुकडा घेतला, त्यावर काळ्या रंगानं लिहिलं: 'घर विकणे आहे. वेस्टरबी. मोठी बाग, कार्यशाळा. बोली करा.' खाली फोन नंबर. मग तो गाडी काढून तोर्सच्या धक्क्यावर गेला. फेरीबोट यायला वीस मिनिटं होती, गाड्या रांगांत उभ्या होत्या. पाऊस नव्हता, पण खाडीवरून वारा असा होता की फळी हातात धरवेना. तोर्किल रांगेतून चालत गेला आणि एकेका गाडीच्या काचेवर टकटक करायला लागला.

पहिल्यानं काच खाली करून विचारलं, "काय? पेट्रोल संपलं का?"

"घर विकतोय. जवळच आहे. दहा मिनिटांत दाखवतो."

त्या माणसानं काच वर केली. दुसऱ्या गाडीतल्या जर्मन म्हातारीनं त्याला वीस क्रोनर द्यायला पर्स उघडली. तिसऱ्यात एक जण हसून म्हणाला, "आजोबा, लोलँडवर घर? शिक्षा म्हणून पण घेणार नाही." चौथ्यानं मान फिरवली. धक्क्यावरचा कामगार, ज्याला तोर्किल वर्षानुवर्षं ओळखत होता, जवळ येऊन हळूच म्हणाला, "तोर्किल, हे बरं दिसत नाही रे."

"मला कुठं बरं दिसायचंय?"

तो दुसऱ्या दिवशी गेला. तिसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवशी शेवटच्या रांगेतल्या जुन्या व्हॅनमधून तीन कुत्री एकदम भुंकली. चाळिशीतली एक बाई, लोकरीची टोपी कपाळापर्यंत ओढलेली, काच खाली करून म्हणाली, "कुंपण आहे का?"

"आहे. पाच फूट. मीच बांधलंय."

"शेजारी?"

"एकच. बहिरा होत चाललाय."

बाईनं व्हॅन रांगेतून बाहेर काढली. तिचं नाव विबेके, ओडेन्सची. आई वारली होती, वारशाचे पैसे आले होते, आणि भाड्याच्या घरात कुत्र्यांवरून रोजची कटकट. तिनं घर तासाभरात बघितलं. तळघराचा वास तिलाही आला. छपराबद्दलही तिनं विचारलं. तोर्किलनं काहीच लपवलं नाही, लपवायची ताकद उरली नव्हती.

"तीन लाख दहा," ती म्हणाली. "तेवढेच आहेत. फेब्रुवारीच्या आत जागा हवी."

"चालेल," तोर्किल म्हणाला.

विक्रीची लिखापढी करायला तोर्किल कचेरीत गेला तेव्हा टोबियासनं सगळे कागद पाहिले आणि खुर्चीत मागे रेलला. "अभिनंदन. बासष्ट हजार तेवढे विक्रीच्या रकमेतून जातील."

तोर्किलला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "गिऱ्हाईक मी आणलं. धक्क्यावर उभं राहून. तुम्ही नाही."

"करारात आहे. मुदतीत घर कोणीही विकलं, मध्येच करार मोडून विकलं, तरी दलाली आमची."

"ते बासष्ट आठ पंच्याहत्तरांवरचे होते. आता तीन दहाच आलेत."

"रक्कम ठरलेली होती, टक्का नव्हता. तुम्हीच सही केलीत. दोनदा."

"तू म्हणालास आठ पंच्याहत्तर." तोर्किलचा आवाज चढला. पलीकडच्या टेबलावरची मुलगी टाइप करायची थांबली. "बोडिलनं एप्रिलमध्येच सांगितलं होतं साडेचार! मी तेव्हाच विकलं असतं. मेमध्ये पाच वीस आले होते, तू म्हणालास थांबा! माझी बायको तिकडे एकेका शब्दासाठी मरतेय आणि मी इथं कॉफी करत बसलो, घराला वास यावा म्हणून!"

टोबियासनं पेन खाली ठेवलं. मग सावकाश म्हणाला, "मी तेव्हा साडेचार सांगितलं असतं, तर तुम्ही मला काम दिलं असतंत?"

तोर्किलनं समोरचा करार उलटा करून ठेवला.

"सगळेच असं करतात," टोबियास म्हणाला. "जो मोठा आकडा सांगतो त्याला घर मिळतं. मग हळूहळू खाली आणायचं. मला साहेबाला दर महिन्याला नवी मिळवलेली घरं दाखवावी लागतात." त्यानं एक कागद पुढे ओढला. "बासष्टांतले जाहिरातींचे आठ हजार मी काढून टाकतो. याहून जास्त माझ्या हातात नाही."

घरी आल्यावर कुंपणाशी प्रेबेन म्हणाला, "एप्रिलमध्ये करार संपेल. तोवर थांबून मग विक त्या बाईला. दलाली वाचेल."

"ती बाई थांबणार नाही."

"विचारून तर बघ."

"आणि मी थांबू?" तोर्किल म्हणाला. "पुन्हा थांबू?"

जानेवारीच्या शेवटी त्यानं किल्ल्या दिल्या. बँकेचं जुनं कर्ज आणि दलाली फेडून व्हिबोर्गमधल्या एका खोलीची अनामत भरण्यापुरते आणि एक जुना पलंग घेण्यापुरते पैसे उरले. आस्ताच्या खोलीतला आरसा विबेकेनं ठेवून घेतला. बेसिन तर तिला कुत्र्यांना आंघोळ घालायला हवंच होतं.

तोर्किल व्हिबोर्गला पोचला तेव्हा आस्ता कोसळल्याला एक वर्ष आणि अठरा दिवस झाले होते. तेव्हापासून तो रोज सकाळी दहाला तिच्यासमोर खुर्ची ओढून बसायचा आणि जेवणाचा ट्रे येईपर्यंत बोलत राहायचा. गावातलं, प्रेबेनचं, कारखान्यातलं, जे सुचेल ते. आयुष्यभरात तो इतका बोलला नव्हता. आस्ता ऐकायची, कधी हसायची. तिच्याकडे चाळीसेक शब्द होते. खिडकी, पाणी, पाय, बस, माइकेन. दोन परिचारिकांची नावं तिला येत होती. त्याचं नाव येत नव्हतं. त्याला ती "तू" म्हणायची.

मार्चमध्ये त्यानं अग्नेतेला एकटीला गाठून विचारलं, "मी गेल्या एप्रिलमध्येच आलो असतो तर?"

अग्नेतेनं हातातली वही मिटली. "ते कोणालाच सांगता येत नाही, तोर्किल."

"हो किंवा नाही म्हण. काहीतरी म्हण."

"नाही सांगता येत," ती म्हणाली आणि तिनं त्याच्या दंडाला हात लावला. तो हात झटकून तोर्किल जिना उतरला, पार्किंगमध्ये गाडीत बसला आणि तासभर गाडी सुरू केली नाही.

त्याच आठवड्यात एका दुपारी आस्ताला काहीतरी सांगायचं होतं. ती त्याच्याकडे झुकली, डोळे मोठे झाले, "तू," म्हणाली. मग पुन्हा "तू... तू..." ओठ जुळायचे आणि सुटायचे. तोर्किलनं घाई केली नाही. त्यानं तिचा डावा हात धरला आणि वाट पाहिली. मिनिट गेलं, दोन मिनिटं गेली. मग तिनं हात सोडवून घेतला, खुर्चीच्या दांड्यावर जोरानं आपटला आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. "नाही," ती म्हणाली.

ट्रे आला. तोर्किलनं पावाला लोणी लावलं, त्याचे बारीक तुकडे केले आणि ताटली तिच्या डाव्या हाताशी सरकवली.